संगणकांतील संदेशवहन मंद का होते?

१९८६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील बर्कली येथे एक चमत्कारिक अनुभव आला. तेथील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांमधील अंतर अवघे ४०० यार्ड. दोन्हीकडचे संगणक एका जाळ्याने जोडलेले होते आणि एरवी त्यांच्यामधून दर सेकंदाला ३२,००० बिट माहिती जात असे. तो वेग एकाएकी ४० बिटांवर आला, म्हणजे ८०० पटींनी घटला. इंग्रजीतील २,००० अक्षरांचे एक पान पूर्वी अर्ध्या सेकंदात पोचत होते, त्यास आता सहा मिनिटांहून अधिक वेळ लागावा! तेच पान हाती घेऊन एखादा मनुष्य चालत निघाला असता तर तो आधी पोचला असता.

तार तुटली नव्हती, संगणकही बिघडले नव्हते. मग दोष कोठे होता? तो शोधण्यासाठी संदेश कसा जातो हे आधी पाहिले पाहिजे.

संगणक मोठा मजकूर एकसंध पाठवीत नाही. त्याची लहान लहान पुडकी करून प्रत्येकावर क्रमांक व पत्ता घालतो. पुडके मिळाले की पलीकडचा संगणक त्याची पोच परत पाठवितो. नोंदणीकृत पत्राची पोच येते, तसाच हा प्रकार होय. ठरावीक मुदतीत पोच न आल्यास पुडके वाटेत हरवले असे समजून ते पुन्हा पाठविले जाते. या नियमावलीस टीसीपी म्हणतात. अर्पानेट या अमेरिकी जाळ्याने ती १ जानेवारी १९८३ पासून स्वीकारली. त्याच वर्षी बर्कली विद्यापीठाने आपल्या युनिक्स प्रणालीच्या ४.२ या आवृत्तीत तिचा समावेश केला. त्यामुळे हे युनिक्स ज्याच्या यंत्रावर बसविले गेले त्यास जाळ्याचे सॉफ्टवेअर आयतेच मिळाले, आणि त्यातील उणिवाही आयत्याच मिळाल्या.

प्रयोगशाळेतील संशोधक व्हॅन जेकबसन यांनी विद्यापीठातील युनिक्सची धुरा वाहणाऱ्या मायकेल कॅरल्स यांच्यासह या प्रकाराचा छडा लावण्यास आरंभ केला. एकाच इमारतीतील संगणक ईथरनेटने जोडलेले असत व त्याचा वेग सेकंदाला १ कोटी बिट असे. याउलट अर्पानेटच्या दूरच्या तारा ५६,००० बिटांच्या, म्हणजे सुमारे पावणेदोनशे पट मंद. जेथे रुंद मार्ग अरुंद मार्गास मिळतो तेथील यंत्र येणारी पुडकी रांगेत उभी करते. रांगेस मर्यादा असते. ती भरली की नवे पुडके टाकून दिले जाते.

आता पाठविणाऱ्याचे वर्तन पाहा. संबंध जुळताच तो जितकी पुडकी पाठविण्याची मुभा असेल तितकी एकदम सोडून देई. रांग भरे, पुडकी गळत. मुदत संपताच तो तीच पुडकी पुन्हा सोडी. त्यातच मुदत ठरविण्याची रीतही सदोष होती. पोच येण्यास सरासरी किती वेळ लागतो एवढेच ती मोजी. तो वेळ किती कमीजास्त होतो याची दखल घेत नसे. जाळ्यावरील भार ३० टक्क्यांपलीकडे गेला की हा चढउतार वाढतो. मग हरवलेली नव्हे, तर रांगेत निमूटपणे उभी असलेली पुडकीही हरवली असे समजून पुन्हा पाठविली जात. तार भरून वाहत होती, परंतु तिच्यातून बहुतांशी तोच तो मजकूर जात होता. जेकबसन यांनी प्रसिद्ध केलेल्या एका आलेखात, तारेची क्षमता सेकंदाला सुमारे २०,००० बाइट असताना तिचा उपयोग केवळ ३५ टक्के झालेला दिसतो. मजकुराचा एक तुकडा तर पाच वेळा पाठविला गेला होता. आणि यात प्रत्येक संगणक आपापल्या परीने नियमानुसारच वागत होता! (अशी कोंडी होऊ शकते असा इशारा जॉन नेगल यांनी जानेवारी १९८४ मध्येच दिला होता, परंतु प्रत्यक्ष कोंडी होईपर्यंत तो फारसा कोणी मनावर घेतला नाही.)

उपायाचे मूळ एका साध्या विचारात आहे. रहाटगाडग्यात एक गाडगे रिते होऊन खाली उतरते तेव्हा दुसरे भरून वर येते. त्याचप्रमाणे एक पुडके जाळ्याबाहेर पडल्याखेरीज दुसरे आत सोडू नये. ते बाहेर पडले हे कसे कळावे? पोच आली म्हणजे. अरुंद तारेतून जाताना पुडक्यांमध्ये आपोआप अंतर पडते, पोचाही त्याच अंतराने परत येतात, आणि त्या तालावर नवी पुडकी सोडली की अरुंद तारेचा वेग निराळा विचारावा लागत नाही. परंतु आरंभी पोच कोठून आणणार? म्हणून प्रथम एकच पुडके सोडावयाचे. त्याची पोच आली की दोन, त्या दोहोंच्या पोचा आल्या की चार. या रीतीस ‘मंद आरंभ’ असे नाव पडले. वास्तविक ती दर फेरीस दुप्पट होते, तेव्हा नाव काहीसे फसवे आहे. पुडके हरवले तर ते गर्दीचे चिन्ह समजून वेग निम्म्यावर आणण्याचे ठरले. मुदतीच्या हिशेबात चढउतारही धरला गेला. हे फेरफार १९८८ मध्ये बर्कली युनिक्सच्या ‘टाहो’ आवृत्तीत आले, आणि त्याच वर्षी जेकबसन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे या रीतीत पुष्कळ सुधारणा झाल्या. तरी पोचांच्या तालावर चालण्याचे तत्त्व आजही टिकून आहे.

आपल्या ग्रंथालयातील वा शाळेतील संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसविल्यावर माहिती रेंगाळू लागली, तर तपास याच दिशेने करावा. १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी लिहिलेला ‘पिंग’ पुडक्याच्या जाण्यायेण्यास किती वेळ लागतो हे सांगतो. ‘नेटस्टॅट’ पुन्हा पाठविलेल्या पुडक्यांची संख्या दाखवितो. ती झपाट्याने वाढत असेल तर वाटेत पुडकी गळत आहेत. अशा वेळी तारेच्या दोन्ही टोकांची जोडणी तपासावी: एक टोक एकाच वेळी बोलणारे व ऐकणारे, आणि दुसरे आळीपाळीने बोलणारे असेल, तर पिंग ठीक चालतो, परंतु मोठी फाइल कुंथत जाते. हा दोष वरवर पाहता मुळीच ध्यानात येत नाही. आरंभी काही सेकंद थबकून पुढे सर्व सुरळीत चालत असेल, तर बहुधा नावावरून पत्ता शोधण्यात वेळ जात असतो. तारेला दोष देऊ नये.

पुन्हा पाठविलेली पुडकी थोडी असूनही वेग कमी भरला, तर पोच येण्यापूर्वी किती माहिती सोडण्याची मुभा आहे ते पाहावे. मुभा ६५,५३६ बाइटांची व जाण्यायेण्याचा वेळ २०० मिलिसेकंद असेल, तर सेकंदाला पाच फेऱ्या होतात, म्हणजे सुमारे २६ लाख बिट. तार १० कोटी बिटांची असली तरी त्याहून अधिक माहिती तिच्यातून जाणार नाही. मूळ टीसीपीत ही मुभा ६५,५३५ बाइटांपलीकडे लिहिताच येत नसे, कारण तिच्यासाठी १६ बिटांचीच जागा राखलेली होती. १९९२ मध्ये ती वाढविण्याची सोय झाली. मात्र दोन्हीकडच्या संगणकांनी आरंभीच ती मान्य करावी लागते. एकाने नाकारली की दुसऱ्यासही जुन्याच मर्यादेत राहावे लागते.