विश्लेषण : आधी नारळ की आधी होडी?

पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते. पण खारदांड्यासारख्या कोळीवाड्यांत हंगाम परंपरेने सुरू होतो तो नारळी पौर्णिमेला, दर्याला नारळ अर्पण केल्यावर. या दोन तारखांच्या मधले दिवस दरवर्षी पेच निर्माण करतात.

बंदी कशासाठी?

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि अनेक माशांचा प्रजननकाळही हाच. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना त्यातून सूट आहे. महाराष्ट्रात पूर्वी १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोवर बंदी चाले. म्हणजे सरकारी आदेशातच सणाला जागा होती. सर्व किनारी राज्यांच्या तारखा जुळवताना ती गेली.

अंतर किती पडते?

पौर्णिमा ठरते चांद्र पंचांगाने. २०२५ मध्ये ती ८ ऑगस्टला आली, म्हणजे आठवडाभराचाच प्रश्न. पण २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ती ३० ऑगस्टपर्यंत लांबली. दोन महिने कमाई नसलेल्या नौकामालकाने आणखी महिनाभर थांबायचे कसे? खलाशांची उचल दिलेली असते, डिझेल आणि बर्फाचा खर्च समोर असतो. शिवाय आपण थांबलो तरी दुसऱ्याची जाळी पाण्यात असतातच. त्यामुळे अनेक नौका १ ऑगस्टलाच निघतात. नारळ मग सणाच्या दिवशी, वाजतगाजत.

हा पेच इतरत्र कसा सोडवला गेला?

प्रार्थना आणि श्रम यांची सांगड हा ख्रिस्ती बेनेडिक्टाइन मठांचा तर पायाच. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी लिहिलेल्या नियमावलीत प्रार्थनेपेक्षा काहीही मोठे नाही. घंटा झाली की हातातले काम टाकून निघायचे. तरीही कामाच्या वेळा ऋतूनुसार बदलतात. आणि ५०वे प्रकरण सांगते, की कामासाठी दूर गेलेल्याला प्रार्थनेच्या वेळी परतता येत नसेल, तर त्याने काम करतो तिथेच गुडघे टेकावेत. मठाला हे सोपे होते, कारण घंटा आणि शेत दोन्ही त्याच्याच ताब्यात. कोळीवाड्याची एक तारीख सरकारच्या हाती, दुसरी चंद्राच्या.

मागणी काय आहे?

बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी, अशी मागणी मच्छीमारांमधूनच होत आली आहे. मासे वाढायला वेळ मिळेल आणि सुरुवातीच्या वादळी दिवसांतला धोका टळेल, हे त्यामागचे कारण. ती मान्य झाली तरी २०२३ सारख्या वर्षी पंधरवडा उरतोच.