विश्लेषण : ‘बीम आला का?’ कबनूरमध्ये या प्रश्नाचा अर्थ काय?

कबनूरमध्ये सकाळी कुणी ‘बीम आला का?’ असे विचारले, तर ते घराच्या बांधकामाबद्दल नसते. प्रश्न असतो यंत्रमागाचा आणि त्या आठवड्याच्या कमाईचा. इंग्रजीतून आलेला हा एक शब्द रोज किमान तीन अर्थांनी वापरला जातो.

शब्द आला कुठून?
जुन्या इंग्रजीत ‘बीम’ म्हणजे झाड. जर्मन भाषेत आजही झाडाला ‘बाउम’ म्हणतात. झाडापासून ओंडका, ओंडक्यापासून तुळई असा अर्थ सरकत गेला. मागावरचा सुताचा रूळही पूर्वी लाकडीच असे.

मागावरचा बीम म्हणजे काय?
कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा. ताण्याचे हजारो धागे ज्या रुळावर शेजारीशेजारी गुंडाळतात, तो बीम. उदाहरणार्थ, इंचाला ६० धागे आणि ५० इंच पन्हा असेल, तर बीमवर सुमारे ३,००० धागे असतात. सायझिंगमध्ये या धाग्यांना खळ लावून ते वाफेवर तापलेल्या सिलिंडरवर वाळवतात. खळीमुळे धागा मागाचे घर्षण सोसतो, कमी तुटतो.

बीम संपला की काय होते?
माग थांबतो. त्याच कापडाचा नवा बीम असेल, तर जुन्या धाग्यांना नव्यांची टोके जोडता येतात. कापड बदलले, की वहिफणी कामगार एकेक धागा वही आणि फणीतून ओवतो. व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणाऱ्या खर्चीवाल्या यंत्रमागधारकाला विणलेल्या मीटरवर मजुरी मिळते. बीम उशिरा आला, तर माग बंद, जागेचे भाडे मात्र चालू. मीटरवर मजुरी घेणाऱ्या कामगाराचा हप्ताही तेवढाच घटतो.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी सुरू केला. पुढे हा धंदा शेजारच्या कबनूरसारख्या गावांत पसरला आणि त्याच्याबरोबर हा शब्दही घराघरांत गेला.

घरातला बीम वेगळा कसा?
स्लॅबचे वजन घेऊन ते कॉलमवर पोहोचवणारी आडवी तुळई म्हणजे बांधकामातला बीम. नळ किंवा वायरच्या पाइपसाठी तो फोडू नये. आतली सळई कापली गेली, तर तुळईची ताकद कमी होते. पाइप न्यायचाच असेल, तर आधी अभियंत्याला विचारावे.

आणि गाडीचा?
तिथे बीम म्हणजे प्रकाशाचा झोत. हाय बीम दूरवर पडतो, लो बीम जवळच्या रस्त्यावर. समोरून वाहन येत असेल तर डिपर मारून लो बीमवर यावे, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात.

तुळई भार पेलते, झोत वाट दाखवतो. कबनूरच्या मागावरचा बीम मात्र फिरत राहिला, तरच घर चालते.