मोबाइल बंद, हिशोब आत

आमच्या मोहल्ल्यातील एका दुकानदाराचा अचानक इंतकाल झाला. कोणाचे देणे, कोणाची अमानत, सगळे मोबाइलमध्ये. आणि मोबाइलला लॉक. मुलगा आम्हाला म्हणाला, "सर, अब्बांचं कर्ज फेडायचं तरी कोणाकोणाचं?" वारसांत वाटणी होण्याआधी मय्यतचे कर्ज फेडायचे असते, हे आपण जाणतो. पण कर्जाची नोंद आता वहीत नसते ना!

म्हणून हयातीतच सोय करा. गुगल खात्याच्या सेटिंगमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. तुम्ही ठरवाल तसे 3, 6, 12 किंवा 18 महिने खाते वापरले गेले नाही, तर तुम्ही निवडलेल्या माणसांना (जास्तीत जास्त 10) फोटो, मेल उतरवून घेता येतात. लकव्याने अंथरुणाला खिळलेल्यांच्या बाबतीतही हे लागू होते. मात्र घरचे तोच फोन वापरत राहिले तर खाते चालूच समजले जाते. आयफोनमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमा. त्याला ॲक्सेस की आणि मृत्यूचा दाखला लागतो.

पैशाचे खाते वेगळे. पिन माहीत असला तरी मरहूमच्या यूपीआयवरून पैसे काढू नका. बँक रक्कम नॉमिनीला देते. पण नॉमिनी मालक नव्हे, वारसांसाठी सांभाळणारा. "माझं नाव आहे" म्हणत आई-बहिणींचा हिस्सा दाबणारे भाऊ आम्ही पाहिलेत.

त्या मुलाने शेवटी मशिदीत एलान करवले. सात जण आले. दोघांकडेच लेखी नोंद होती.