जागा आहे का, जागा?

मुलांनो, डिसेंबरची थंडी पडली की वसईत, गोव्यात, पुण्या-मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत घरांवर चांदण्यांचे कागदी कंदील झळकू लागतात. अंगणात पेंढा, माती, वाळलेलं गवत घालून मुलं एक छोटासा गोठा उभारतात. त्यात गाय, गाढव, मेंढपाळ आणि मधोमध एक तान्हं बाळ. केक आणि सांताक्लॉज तर सगळ्यांच्याच ओळखीचे! पण हे बाळ थेट गोठ्यात कसं?

लूकच्या शुभवर्तमानात ही हकीकत आहे. रोमन बादशहा औगुस्त याने शिरगणतीचा हुकूम काढला. नाव नोंदवायला योसेफ आणि मरीया नासरेथहून बेथलेहेमला गेले. मरीयेचे दिवस भरलेले, आणि गावात उतरायला जागाच मिळेना. बाळ जन्मलं तेव्हा आईने त्याला कापडात गुंडाळून गव्हाणीत निजवलं. गव्हाण म्हणजे गुरांना चारा घालायची जागा, बरं का! आणि ही आनंदाची बातमी पहिल्यांदा कुणाला कळली? राजाला नाही, तर रात्री रानात मेंढरं राखणाऱ्या मेंढपाळांना.

ख्रिस्ती लोकांची श्रद्धा अशी, की हा येशू म्हणजे देवाने माणसांना दिलेली देणगी. देवाने जगावर प्रेम केलं म्हणून स्वतःचा पुत्रच दिला, आणि तोही गरिबाच्या घरी. नाताळच्या भेटींमागे हा अर्थ आहे. पण गंमत बघा, जो आपल्याला परत भेट देणार आहे त्याला भेट देणं सोपं असतं. ज्याला कुठेच जागा नाही, त्याला जागा देणं अवघड!

हे अवघड काम आपल्या महाराष्ट्रात एका बाईंनी करून दाखवलं. त्या पंडिता रमाबाई.

रमाबाई सोळा वर्षांच्या, म्हणजे तुमच्यातल्या काहींच्याच वयाच्या होत्या. १८७४ साली दुष्काळात त्यांचे वडील वारले. पाठोपाठ आई आणि थोरली बहीणही गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं देशभर पायी भटकले. पोटात भूक आणि डोक्यावर छप्पर नाही, म्हणजे काय ते रमाबाईंना पुस्तकात वाचावं लागलं नाही.

पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हणून गौरवलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परत आल्यावर १८८९ साली मुंबईत ‘शारदा सदन’ काढलं. लहान वयात विधवा झालेल्या मुलींना तिथे राहायला आणि शिकायला मिळे. पुढच्या वर्षी ही शाळा पुण्याला गेली.

१८९६-९७ साली पुन्हा मोठा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातल्या मुलींचे हाल ऐकून रमाबाईंना स्वतःचे जुने दिवस आठवले. त्या तिकडे गेल्या आणि उपाशी, निराधार शेकडो मुलींना घेऊन आल्या. आता इतक्या जणींना ठेवायचं कुठे? पुण्यात तर प्लेगची साथ! रमाबाईंनी केडगावला शेतजमीन घेतली होती. तिथेच आधी तात्पुरती छपरं उभी राहिली, मग पक्क्या इमारती. नाव ठेवलं ‘मुक्ती’. १९००च्या दुष्काळानंतर तिथे राहणाऱ्यांची संख्या हजारावर गेली. मुली लिहा-वाचायला शिकल्या, विणकाम, शेती, छपाई शिकल्या. अंध मुलींनाही तिथे शिक्षण मिळालं. रमाबाई १९२२ साली गेल्या, पण दौंड तालुक्यातल्या केडगावात ते काम आजही चालू आहे.

‘आमच्याकडे जागा नाही,’ असं म्हणायला रमाबाईंना किती कारणं होती! पैसा बेताचा, वर टीका करणारेही पुष्कळ. पण त्यांनी आधी दार उघडलं आणि सोय नंतर लावली.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठून आणणार शेत आणि इमारती? अरे, पण वर्गात नवीन आलेला तो मुलगा, ज्याची भाषा थोडी वेगळी आहे म्हणून सगळे हसतात, तो मधल्या सुट्टीत एकटाच बसतो ना? आपल्या बाकावर थोडं सरकायला पैसे लागत नाहीत. डबा उघडा आणि म्हणा, ‘ये रे, इथे जागा आहे.’

तुम्ही कुठल्याही धर्माचे असा, नाताळ तुमच्या बाकापर्यंत आला असं समजा. नाताळच्या खूप खूप शुभेच्छा!