हृदयाचा प्रतिध्वनी

बेलाच्या पानाला तीन दले असतात. हृदयाच्या डाव्या जवनिकेतून महाधमनी जेथे निघते, तेथील झडपेलाही निसर्गाने तीनच पाकळ्या दिल्या आहेत. जवनिका आकुंचन पावली की त्या उघडतात, रक्त बाहेर पडते, आणि लगेच त्या मिटून परतीची वाट बंद करतात. दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा ही उघडझाप चालते.

परंतु शंभरांतील एखाद-दुसऱ्या माणसाच्या या झडपेला जन्मतःच दोन पाकळ्या असतात. पुष्कळदा गर्भावस्थेत दोन पाकळ्या जोडलेल्याच राहतात आणि त्या जोडाची शिवण पुढेही दिसते. हा दोष मुलींपेक्षा मुलांत अधिक. काही थोड्या बालकांत झडप जन्मतःच इतकी अरुंद असते की तातडीने उपाय करावा लागतो. बहुतेक मुले मात्र इतरांसारखीच धावतात, खेळतात. पुढे अशी झडप जाड होते, तिच्यात चुन्याचे क्षार साचतात, ती आखडते किंवा गळू लागते. म्हणूनच शाळेतील तपासणीत डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून एखादा वेगळा आवाज ऐकू आला, तर त्याची उपेक्षा करू नये.

कानाला आवाज कळतो, पाकळ्यांची संख्या कळत नाही. ती पाहण्याची युक्ती स्वीडनमधील लुंड येथे निघाली. एडलर या वैद्याला हृदयाच्या झडपा छाती न उघडता पाहावयाच्या होत्या. धातूतील भेगा ध्वनीने शोधणारे एक यंत्र माल्मो येथील जहाजांच्या कारखान्यात होते, हे हर्ट्झ या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकास ठाऊक होते. १९५३ साली दोघांनी तशाच यंत्राने हृदयाचा प्रतिध्वनी टिपला. पोलादाची परीक्षा घेणारे साधन माणसाच्या छातीवर टेकविण्याचे धैर्य खरोखर वाखाणण्यासारखे!

आपल्या कानाची मर्यादा सेकंदाला २० हजार कंपनांची. या यंत्रातील ध्वनी २० लाखांहून अधिक कंपनांचा. शरीरात तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. म्हणजे ७.७ सेंटिमीटर खोलीवरून परतण्यास त्याला सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो. या वेळेवरून खोली काढून यंत्र पडद्यावर हलते चित्र रेखाटते. मध्ये हवा राहिल्यास ध्वनी अडतो, म्हणून छातीवर थंडगार लेप लावतात. त्याला भिण्याचे कारण नाही.

येथे एक गंमत आहे. झडप मिटलेली असताना जोडाची शिवण तिसऱ्या पाकळीच्या कडेसारखी दिसते आणि परीक्षक फसू शकतो. म्हणून झडप उघडलेली पाहावी लागते. द्विदल झडप उघडली की माशाच्या तोंडासारखी लांबट फट दिसते.

झडप किती आखडली, हे रक्ताच्या वेगावरून कळते. वाट अरुंद झाली की नळीच्या तोंडावर बोट धरल्याप्रमाणे धार वेगाने उसळते. हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या ध्वनीची कंपनसंख्या बदलते, या डॉप्लरच्या १८४२ च्या तत्त्वाने तो वेग मोजतात. पडद्यावरील तांबडा व निळा रंग शुद्ध-अशुद्ध रक्ताचे नव्हेत. रक्त यंत्राकडे येते की दूर जाते, एवढेच ते दाखवितात. मीटरमधील वेगाचा वर्ग करून त्यास ४ ने गुणले, की झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मिळतो. वेग १ असेल तर फरक ४. वेग ४ झाला तर ६४! इतका वेग म्हणजे झडप फारच आखडल्याचे लक्षण. मात्र ध्वनीचा झोत धारेला तिरपा पडला तर वेग कमी भरतो व आजार सौम्य भासतो. म्हणून जाणता परीक्षक छातीवर निरनिराळ्या जागी, गळ्याच्या खाचेतूनही, शोध घेतो. हृदयच दुबळे झाले असेल तर अरुंद झडपेतूनही धार मंद येते, हेही त्याला ध्यानात ठेवावे लागते.

झडप पाहून झाली तरी काम संपत नाही. अशा व्यक्तींची महाधमनी कधी फुगते, कधी पुढे एके ठिकाणी चिंचोळी असते. तिचीही मापे घेतात. शिवाय हा दोष घराण्यात चालू शकतो. एका मुलात तो आढळला, तर आईवडील व भावंडांचीही तपासणी करून घेणे इष्ट. कबड्डीसारखे दमछाक करणारे खेळ खेळावेत की नाही, हे हृदयतज्ज्ञ ही मापे पाहून ठरवितात. सौम्य दोष असलेल्या बहुतेक मुलांना ते मोकळेपणाने खेळू देतात. ही तपासणी वेदनारहित असून तीत क्ष-किरण नसतात. त्यामुळे ती काही काळाने पुनःपुन्हा करून मागील मापांशी ताडून पाहता येते, आणि फुग्याने झडप रुंद करावयाची की शस्त्रक्रिया करावयाची, याची वेळ त्यावरून ठरविता येते.