वजन जास्त असेल तर पूल खेळता येतो का? पोट, पाय आणि पॉकेटचा हिशोब

पूल म्हटलं की सोलापूरकरांना आधी रेल्वेचा पूल आठवतो. आम्ही बोलतोय तो हिरव्या कापडाच्या टेबलावरचा पूल, म्हणजे लांब काठीने बॉल ढकलून कोपऱ्यातल्या पॉकेटात घालायचा खेळ. त्याचा मोठा भाऊ स्नूकर. हे दोन्ही खेळ आता आपल्या मोहल्ल्यांतल्या नौजवानांना चांगलेच माहीत झाले आहेत. घरच्यांना मात्र ते फक्त "पार्लरला गेला" एवढंच माहीत असतं आणि त्या शब्दामागे काळजी असते. ती काळजी सगळीच चुकीची नाही, त्याबद्दल पुढे बोलू.

आमच्याकडे शाळेत एक प्रश्न वारंवार येतो. मुलगा जाड आहे, धावता येत नाही, कबड्डीत कुणी घेत नाही. त्याला हा खेळ जमेल का? आणि दुसरा, त्याहून जास्त ऐकू येणारा समज: "त्यात काय, उभं राहून तर खेळायचं, तब्येत कशाला लागते?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर "हो, जमेल" असं आहे. दुसरा समज चुकीचा आहे. दोन्हींची कारणं समजून घेऊ.

आधी बॉलकडे पाहू. पूलच्या बॉलचं वजन साधारण १७० ग्रॅम असतं आणि क्यूचं, म्हणजे त्या काठीचं, अर्धा किलोच्या थोडं वर. क्यूच्या टोकाला असलेली चामड्याची टिप आणि बॉल यांचा स्पर्श सेकंदाच्या हजाराव्या-दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. एवढ्या वेळात खेळणाऱ्याच्या शरीराचं वजन बॉलपर्यंत पोहोचतच नाही. बॉलला कळतो तो फक्त क्यूचा वेग, दिशा आणि टिप नेमकी कुठे लागली ते. म्हणून पन्नास किलोचा सडपातळ पोरगा जोरदार ब्रेक मारतो आणि शंभर किलोच्या माणसाचा ब्रेक कधी कधी फुसका निघतो. जोर मनगट, कोपर आणि वेळ साधण्यात असतो. क्यू मुठीत आवळून धरला की उलट वेग मरतो. वजनदार माणसाला ताकदीचा जास्तीचा फायदा नाही, तसा या बाबतीत तोटाही नाही.

तोटा सुरू होतो तो वाकताना.

नेम धरायचा तर हनुवटी जवळजवळ क्यूला टेकेल इतकं खाली यावं लागतं, म्हणजे डोळा, क्यू, पांढरा बॉल आणि समोरचा बॉल एका रेषेत दिसतात. त्यासाठी वाकायचं ते पाठीतून नाही, कमरेच्या सांध्यातून. नमाजात रुकूला आपण जिथून वाकतो, तीच जागा. रुकूत ज्यांच्या गुडघ्यामागच्या शिरा ओढल्यासारख्या होतात, त्यांना टेबलावरही हाच त्रास होणार हे समजून चालावं. आता पोट मोठं असेल तर ते मांडी आणि बरगड्या यांच्यामध्ये येतं. माणूस पूर्ण खाली जाऊ शकत नाही, डोकं वर राहतं, श्वास अडतो आणि अडलेल्या श्वासात नेम धरायची घाई होते. काहींच्या बाबतीत क्यू सरळ मागे-पुढे जाण्याऐवजी पोटाच्या बाजूला वळसा घेतो. बॉल पॉकेटच्या काठावर आपटून परत येतो आणि दोष दिला जातो टेबलाच्या उताराला!

यावर उपाय आहे आणि अनेक जाड खेळाडूंनी तो शोधला आहे. छाती टेबलाला अगदी समोरासमोर न ठेवता अंग थोडं तिरकं घ्यायचं, म्हणजे क्यूला जायला मोकळी जागा मिळते. पाय खांद्यांपेक्षा जरा जास्त फाकवायचे, मागचा पाय ताठ, पुढचा गुडघा किंचित वाकलेला. तरीही हनुवटी क्यूपर्यंत पोहोचली नाही तर थोडं उंच उभं राहून खेळायचं, पण दर शॉटला तितकंच उंच. एकदा खाली, एकदा वर असं केलं की डोळ्याचा अंदाज बिघडतो.

लांबचा शॉट आला की पुन्हा अडचण येते. पूलचं मोठं टेबल नऊ फुटी. स्नूकरचं बारा फूट लांब, सहा फूट रुंद आणि जमिनीपासून जवळपास तीन फूट उंच. त्यावर ओणवं व्हावं लागतं. नियम असा की शॉट मारताना निदान एक पाय जमिनीला टेकलेला हवा, नाहीतर फाऊल. बारीक, लवचीक पोरगा एक पाय हवेत लांब करून पसरतो. वजनदार माणसाला ते जमत नाही, शिवाय शर्ट किंवा पोट बॉलला लागलं तरी फाऊलच. त्याने लाजू नये, रेस्ट मागावी. रेस्ट म्हणजे क्यू टेकवायची दुसरी काठी. आपल्याकडे रेस्ट घेणाऱ्याला हसायची एक वाईट खोड आहे. जगातले मोठमोठे खेळाडू ती रोज वापरतात.

आमचा एक माजी विद्यार्थी आता आयटीआयला आहे. शाळेत असताना वार्षिक खेळांत त्याला कायम गुण लिहायला बसवलं जायचं, कारण वजन. पोरं त्याला काय म्हणायची ते इथे लिहीत नाही. त्याच मुलाचा हात टेबलावर इतका स्थिर चालतो की चिडवणारे आता त्याच्याकडून अँगल शिकतात. त्याच्या अम्मी आमच्याकडे आल्या, म्हणाल्या, "सर, बंद करू का त्याचं जाणं? घरात बापाला शुगर, आजीला शुगर. हा तिथे तासन् तास उभा राहतो, वर रात्री भजी-चहा." त्यांच्या म्हणण्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या होत्या. खेळ त्याला इज्जत देत होता, तो बंद करणं म्हणजे त्याला पुन्हा गुण लिहायला बसवणं. पण शुगरची भीती खरी होती आणि खेळाने ती दूर होणार नव्हती.

कारण सरळ आहे. व्यायामशास्त्रात शरीर किती मेहनत करतंय हे मोजायचं एक माप आहे, मेट. स्वस्थ बसणं म्हणजे १. पूल-बिलियर्ड्स साधारण अडीच. झपझप चालणं चारच्या वर. तीनच्या खाली असलेली हालचाल हलकी समजली जाते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम मेहनतीचा व्यायाम करायला सांगते, त्यात पूल धरता येत नाही. सत्तर किलोच्या माणसाने तासभर पूल खेळला तर अंदाजे १७५ कॅलरी जातात, त्यातल्या सत्तरेक तर नुसतं बसूनही गेल्याच असत्या. मध्ये एक वडापाव आणि साखरेचा चहा झाला की हिशोब उलटा फिरतो. टेबलाला पूर्ण फेरी मारली तर फार तर पंधरा मीटर होतात. शंभर फेऱ्या मारल्या तर दीड किलोमीटर, आणि त्या कुणी सलग मारत नाही.

वजनाबद्दल बोलतोच आहोत तर आकडेही सांगून टाकू. आपल्या लोकांमध्ये कमी वजनावरही मधुमेह गाठतो, म्हणून भारतीय प्रौढांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. पाच फूट पाच इंचाच्या माणसाचं वजन ६८ किलो झालं की तो २५ वर आला. कमरेचा घेर पुरुषात ९० सेंटिमीटर, बाईत ८० सेंटिमीटर, त्यापुढे सावध व्हावं. अठराच्या आतल्या मुलांना हे आकडे लावू नयेत, त्यांचे तक्ते वेगळे असतात, डॉक्टरांनाच विचारावं.

मग या खेळाला तब्येत लागते कुठे? तिसऱ्या तासाला. मित्रांसोबत अर्धा तास खेळलं तर काही कळत नाही. स्पर्धेत मात्र सामना तासन् तास चालतो. पोटऱ्या भरून येतात, कंबर धरते, मान आखडते, आणि शरीर थकलं की आधी जातं ते लक्ष. सोपा बॉल चुकतो. पोट पुढे असलेल्या माणसाच्या कमरेच्या मणक्यांवर ओणवं राहताना ताण जास्त येतो, म्हणून तो लवकर थकतो. जड जेवून खेळायला गेलं तर सुस्ती येते आणि उपाशीपोटी गेलं तर हात कापतो.

उत्तर आयर्लंडच्या मार्क ॲलन या स्नूकरपटूचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. वजन जास्त असतानाच तो जगातल्या पहिल्या फळीत होता, २०१८ ची मास्टर्स स्पर्धा त्याने जिंकली होती. म्हणजे वजनाने त्याला अडवलं नव्हतं. पुढे २०२२ मध्ये त्याने तीस किलोच्या आसपास वजन उतरवलं. त्याच वर्षी यूके चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात तो चीनच्या डिंग जुनहुईविरुद्ध १-६ असा मागे होता आणि तिथून १०-७ ने जिंकला. सगळं श्रेय वजनाला द्यायचं कारण नाही, पण असा मागून जिंकलेला सामना दमलेल्या पायांनी होत नाही. रॉनी ओसलिव्हनला तर धावण्याचं वेडच. २०२२ मध्ये शेहेचाळिसाव्या वर्षी त्याने सातवं जगज्जेतेपद मिळवलं.

आपल्या महाराष्ट्रातही पाहा. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, कोणत्याही वैयक्तिक खेळातले भारताचे पहिले. १९६४ ला बेचाळिशीत त्यांनी ते पद पुन्हा मिळवलं. मुंबईचे मायकल फरेरा यांनी हाच किताब तीनदा जिंकला, शेवटचा १९८३ मध्ये, पंचेचाळिशीच्या घरात. मुंबईचेच यासीन मर्चंट १९८९ मध्ये आशियाई स्नूकर विजेते झाले आणि बारा वर्षांनी, २००१ मध्ये, पुन्हा. पंकज अडवाणींचा जन्मही पुण्याचा, वाढले बंगळुरात. दुसऱ्या खेळांत ज्या वयात माणूस निवृत्त होतो, त्या वयात इथे जिंकता येतं. त्यासाठी चाळिशीत कंबर आणि डोळे शाबूत राहायला हवेत, एवढंच.

उलट उदाहरण कॅनडाच्या बिल वर्बेनियुक यांचं. अगडबंब शरीर, टेबलावर वाकताना पँट फाटल्याचा त्यांचा किस्सा आजही सांगतात. ते जागतिक क्रमवारीत आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचले होते. पण त्यांच्या हाताला कंप होता आणि तो थांबवायला ते सामन्यात बियरचे पेल्यावर पेले रिचवत. सोबत प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचं औषध. या औषधावर पुढे खेळात बंदी आली आणि त्यांची कारकीर्द आटोपली. छप्पन्नाव्या वर्षी, २००३ मध्ये, ते वारले. नशेने हात स्थिर होतो असं पार्लरमध्ये कुणी सांगत असेल तर त्याला हे सांगा.

त्या औषधाची गोष्ट आपल्या घरांशीही जोडलेली आहे. प्रोप्रॅनोलॉल, ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर गटातली औषधं ब्लडप्रेशरच्या कितीतरी पेशंटच्या डब्यात असतात. ती नाडी मंद करतात, कंप कमी करतात, म्हणूनच बिलियर्ड्स, स्नूकर, पूलच्या स्पर्धांत त्यांना बंदी आहे. घरगुती खेळाला काही अडचण नाही. पण कुणी अधिकृत स्पर्धेत उतरणार असेल तर आधी डॉक्टरांमार्फत वैद्यकीय सवलतीसाठी अर्ज करावा. स्पर्धा आहे म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणं हा जिवाशी खेळ आहे.

नाडी शांत ठेवायचा बिनगोळीचा रस्ता चालण्याचाच आहे. ज्याचा दम चांगला, त्याची धडधड शॉटच्या आधी लवकर बसते. होम मैदानावर किंवा कंबर तलावाच्या बाजूला फजरनंतर अर्धा तास झपझप चालावं, आठवड्यातून पाच दिवस, की दीडशे मिनिटं झाली. त्या आयटीआयच्या मुलाच्या अम्मींना आम्ही हेच सुचवलं: पार्लर बंद नको, पण सकाळी चाललास तरच संध्याकाळी टेबल. पार्लरही पाहून निवडावं. सिगारेटच्या धुराने भरलेल्या बंद खोलीत तीन तास काढणं तब्येतीला घातक आहे. हरणाऱ्याने टेबलाचं भाडं द्यायचं ही पद्धत तर पैजेकडे नेते, भाडं निम्मं-निम्मं वाटून घ्यावं. रमजानमध्ये तरावीहनंतर सहरीपर्यंत टेबलावर थांबणाऱ्या पोरांची झोप जाते आणि वजन वाढतं, तिथे घरच्यांनी वेळ ठरवून द्यावी.

खेळायच्या आधी पाच मिनिटं एवढं करावं. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकवून, गुडघे सरळ ठेवून कमरेतून वाकायचं आणि वीस आकडे मोजायचे, तीन वेळा. मान डावी-उजवी हळू फिरवायची. खांदे मागे खेचून सोडायचे. पार्लर वरच्या मजल्यावर असेल आणि जिना चढून धाप लागली असेल, तर धाप बसेपर्यंत क्यू हातात घेऊ नये. जिना चढून रोजच धाप लागत असेल तर आधी बीपी आणि शुगर तपासून घ्यावी.