सशस्त्र बंड, अहिंसा आणि मानवी हक्क कार्यकर्त्यांना न्याय : आंध्र-तेलंगणाचा अनुभव

मानवी हक्क कार्यकर्ता म्हणजे कोण, या प्रश्नाचे उत्तर शांततेच्या काळात सोपे असते. तो अन्यायाची चौकशी करतो, ती लोकांसमोर मांडतो आणि न्यायालयाचे दार ठोठावतो. मात्र ज्या प्रदेशात एका बाजूला सशस्त्र बंड आणि दुसऱ्या बाजूला शासनाची बंदूक उभी असते, तेथे हाच माणूस दोन्ही बाजूंना संशयित वाटू लागतो. सरकार त्याला बंडखोरांचा हस्तक समजते आणि बंडखोरांना तो केवळ आपल्या बाजूने बोलावा असे वाटते. हातात शस्त्र नसलेल्या या तिसऱ्या माणसाचे काय होते, हे समजून घेण्यासाठी पूर्वीच्या आंध्र प्रदेशाइतके, म्हणजे आजच्या तेलंगणा व आंध्र या दोन राज्यांइतके, बोलके उदाहरण भारतात क्वचितच सापडेल.

पार्श्वभूमी

१९६७ मध्ये बंगालमधील नक्षलबारी येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला. त्याचे पडसाद श्रीकाकुलमच्या आदिवासी भागात उमटले आणि पुढे उत्तर तेलंगणातील करीमनगर, वरंगळ व आदिलाबाद हे जिल्हे चळवळीचे केंद्र बनले. वेठबिगारी, जमीनदारांची सत्ता आणि वन खात्याचा जाच ही या चळवळीला पाठिंबा मिळण्याची खरी कारणे होती. १९८० मध्ये 'पीपल्स वॉर' हा गट स्थापन झाला आणि १९९२ मध्ये त्यावर बंदी आली. या काळात 'चकमक' हा शब्द तेलुगू वृत्तपत्रांत रोजचा झाला.

चकमकींविषयी पहिली गंभीर चौकशी आणीबाणी संपल्यावर १९७७ मध्ये झाली. जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने नेमलेल्या त्या समितीचे अध्यक्ष न्या. विठ्ठल महादेव तारकुंडे होते. मूळचे सासवडचे तारकुंडे हे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. समितीचे काम हैदराबादचे वकील के. जी. कण्णबिरन यांनी सांभाळले. ज्यांना चकमकीत मारले असे सांगितले जाते त्यांपैकी अनेकांना आधी पकडून नंतर ठार केले गेले, असा समितीचा निष्कर्ष होता. त्यानंतर शासनाने न्या. भार्गव आयोग नेमला. परंतु त्याचे काम पूर्णत्वास गेले नाही.

दोन बंदुकांच्या मध्ये

आंध्र प्रदेश नागरी हक्क समितीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन चकमकींची सत्यशोधन चौकशी करीत. मृताच्या घरच्यांना भेटणे, त्याला कोठून आणि कधी उचलले हे विचारणे, शवविच्छेदनाचा अहवाल पाहणे आणि हे सारे छापून प्रसिद्ध करणे, असे या कामाचे स्वरूप होते. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली.

सप्टेंबर १९८५ मध्ये काझीपेट येथे नक्षलवाद्यांनी एका पोलीस उपनिरीक्षकाची हत्या केली. दुसऱ्या दिवशी, ३ सप्टेंबरला, त्याची अंत्ययात्रा निघाली असताना डॉ. रामनाथम यांना त्यांच्या दवाखान्यात गोळ्या घालून ठार करण्यात आले. ते बालरोगतज्ज्ञ होते आणि समितीचे उपाध्यक्षही होते. अंत्ययात्रेतील पोलिसांनीच त्यांना मारले, असे नागरी हक्क संघटनांनी तेव्हापासून सांगितले आहे. येथे लक्षात घेण्यासारखी बाब अशी की, उपनिरीक्षकाच्या हत्येशी या डॉक्टरांचा काहीही संबंध नव्हता. बंडखोरांच्या हिंसेचा सूड शस्त्र नसलेल्या माणसावर उगवला गेला.

त्यानंतरही ही मालिका थांबली नाही. डिसेंबर १९९१ मध्ये वरंगळचे वकील नर्रा प्रभाकर रेड्डी, नोव्हेंबर २००० मध्ये हैदराबादेत पुरुषोत्तम आणि फेब्रुवारी २००१ मध्ये नलगोंड्यात मोहम्मद आझम अली अशा समितीच्या कार्यकर्त्यांच्या हत्या झाल्या. शेवटच्या दोन प्रकरणांत शरण आलेल्या नक्षलवाद्यांच्या खाजगी टोळ्यांवर आरोप झाले. शासनाने स्वतः हात न लावता दुसऱ्याच्या हातून काम करवून घ्यावे, ही पद्धत पुढे छत्तीसगढमध्येही दिसली. तेथे २००५ मध्ये 'सलवा जुडूम' उभे राहिले. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस म्हणून शस्त्रे देण्याची ही पद्धत घटनाबाह्य ठरविली.

बालगोपाल यांचा प्रश्न

या सर्व अनुभवातून एक मूलभूत प्रश्न पुढे आला. तो सर्वांत प्रामाणिकपणे मांडला तो डॉ. के. बालगोपाल यांनी. ते गणिताचे विद्वान होते व वरंगळच्या काकतीय विद्यापीठात अध्यापन करीत. पुढे नोकरी सोडून ते पूर्णवेळ हक्कांच्या चळवळीत उतरले, काही काळाने वकिली करू लागले आणि ८ ऑक्टोबर २००९ रोजी निवर्तले. ऐंशीच्या दशकापासून ते नागरी हक्क समितीचे सरचिटणीस होते. १९८९ मध्ये त्यांचे अपहरणही झाले होते.

प्रश्न असा होता : शासनाच्या हिंसेविरुद्ध बोलणाऱ्याने बंडखोरांच्या हिंसेविषयी गप्प राहावे काय? समितीतील अनेकांचे म्हणणे असे होते की, कायदा शासनाने केला आहे, तो पाळण्याची शपथही त्यानेच घेतली आहे, म्हणून हक्कांच्या संघटनेने शासनाकडेच जाब मागावा. या म्हणण्यात तथ्य होते. पोलीस ठाण्यात झालेला मृत्यू आणि जंगलात झालेला खून यांची कायद्यातील जबाबदारी एकच नसते. परंतु 'खबऱ्या' असल्याच्या नुसत्या संशयावरून गरीब शेतकऱ्याला, आदिवासीला किंवा दलिताला 'प्रजा कोर्टा'त शिक्षा दिली जाते, तेव्हा त्यालाही जगण्याचा हक्क असतो. तो हक्क कोणी सांगावयाचा? बालगोपाल यांचे मत असे बनले की, हक्कांच्या चळवळीला स्वतःची स्वतंत्र दृष्टी असली पाहिजे; कोणत्याही राजकीय चळवळीची ती पुरवणी होता कामा नये. मतभेद मिटले नाहीत. ते आणि त्यांचे काही सहकारी समितीतून बाहेर पडले आणि १९९८ मध्ये 'मानव हक्क वेदिका' ही संघटना स्थापन झाली.

याच वर्षी ९ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्क रक्षकांविषयीचा जाहीरनामा स्वीकारला, हा योगायोग होय. हक्कांचे काम करणे हा प्रत्येकाचा अधिकार आहे आणि अशा व्यक्तीला संरक्षण देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे त्यात म्हटले आहे. मात्र हा अधिकार शांततेच्या मार्गाने वापरावयाचा आहे. याउलट, १९४९ च्या जिनिव्हा करारांतील समान कलम तीन हे अंतर्गत सशस्त्र संघर्षातील दोन्ही पक्षांना बांधते. शस्त्र खाली ठेवलेल्या आणि लढ्यात भाग न घेणाऱ्या माणसाला कोणीही मारता कामा नये, हा त्याचा गाभा आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना एकच कसोटी लावणे ही केवळ भावनिक समतोलाची गोष्ट नाही. तिला कायद्याचा आधार आहे.

न्यायाची वाट

चकमकीच्या प्रकरणात न्याय मिळणे कठीण का होते, याचे उत्तर एका साध्या पद्धतीत आहे. चकमकीनंतर पोलीस मृत व्यक्तीविरुद्धच खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवीत. आरोपी मेला असल्यामुळे प्रकरण तेथेच संपे. पोलिसांनी खरोखर स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली काय, हे तपासण्याची वेळच येत नसे. कायद्यात स्वसंरक्षणाचा हक्क आहे. पण तो हक्क होता की नाही हे तपासाने ठरले पाहिजे, ज्याने गोळी झाडली त्याच्या जबाबाने नव्हे.

नागरी हक्क समितीच्या तक्रारीवरून राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने हेच तत्त्व मान्य केले. न्या. एम. एन. वेंकटचलय्या अध्यक्ष असताना आयोगाने मार्च १९९७ मध्ये सर्व राज्यांना मार्गदर्शक सूचना पाठविल्या. संबंधित ठाण्याचेच पोलीस चकमकीत असतील तर तपास स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावा, असे त्यांत होते. फेब्रुवारी २००९ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने याहून पुढचे पाऊल टाकले. त्याला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. शेवटी २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सोळा सूचना घालून दिल्या. तो खटला महाराष्ट्राचा होता. १९९५ ते १९९७ या काळातील मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मेली होती, त्याविषयी याचिका होती. गुन्हा नोंदणे, स्वतंत्र तपास, दंडाधिकाऱ्याची चौकशी आणि चकमकीनंतर लगेच बढती वा शौर्यपदक न देणे या गोष्टी आता बंधनकारक आहेत. यामागे वरंगळ-करीमनगरच्या गावांत वहीत नोंदी करणाऱ्या माणसांचे कष्ट आहेत.

कार्यकर्त्याला स्वतःला न्याय मिळाल्याची उदाहरणे थोडी आहेत. पंजाबात जसवंतसिंग खालरा यांनी अमृतसरच्या स्मशानांतील नोंदी तपासून बेवारस म्हणून जाळलेल्या प्रेतांचा हिशोब मांडला होता. सप्टेंबर १९९५ मध्ये त्यांचे अपहरण होऊन पुढे त्यांची हत्या झाली. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासानंतर २००५ मध्ये सहा पोलीस दोषी ठरले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपा कायम केल्या. सोळा वर्षे लागली. छत्तीसगढमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. विनायक सेन यांना मे २००७ मध्ये अटक झाली. डिसेंबर २०१० मध्ये राजद्रोहासाठी जन्मठेप सुनावली गेली आणि एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. नक्षल साहित्य बाळगल्याने कोणी नक्षलवादी ठरत नाही, असे न्यायालयाने त्या वेळी म्हटले.

संवादाचा प्रयोग

अहिंसा म्हणजे निष्क्रियता नव्हे, हे दाखविणारा प्रयत्न हैदराबादेतच झाला. १९९७ मध्ये निवृत्त सनदी अधिकारी एस. आर. शंकरन यांच्या पुढाकाराने 'चिंतित नागरिकांची समिती' स्थापन झाली. वेठबिगारी निर्मूलनासाठी शंकरन यांनी आयुष्य वेचले होते. डिसेंबर १९८७ मध्ये पूर्व गोदावरीच्या जंगलात नक्षलवाद्यांनी इतर अधिकाऱ्यांसह त्यांचेच अपहरण केले होते. तरीही त्यांनी सूडाची भाषा केली नाही. समितीने सरकारला चकमकींविषयी आणि पीपल्स वॉरला खुनांविषयी सारख्याच स्पष्टपणे प्रश्न विचारले. यातूनच २००४ मध्ये शस्त्रसंधी झाली व ऑक्टोबरमध्ये हैदराबादेत दोन्ही पक्ष समोरासमोर बसले. जानेवारी २००५ मध्ये बोलणी मोडली. १५ ऑगस्टला एका आमदाराची हत्या झाली आणि दोन दिवसांत बंदी पुन्हा लागू झाली. प्रयोग फसला, पण त्या काही महिन्यांत अनेक गावांना श्वास घेता आला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये, करीमनगर भागातूनच चळवळीत गेलेले ज्येष्ठ माओवादी नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव यांनी साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बंडाची ताकद ओसरत आहे, हे आता स्पष्ट आहे. परंतु बंडखोर संपले म्हणून जमीन, जंगल आणि वेतन यांचे प्रश्न संपत नाहीत आणि मारल्या गेलेल्या कार्यकर्त्यांचे खटलेही आपोआप निकाली निघत नाहीत.

शिक्षकांसाठी

राज्यशास्त्र, इतिहास किंवा नागरिकशास्त्र शिकविताना हा विषय टाळला जातो, कारण तो अवघड आहे. विद्यार्थी विचारतात, "सर, मग बरोबर कोण?" याचे उत्तर एका बाजूचे नाव घेऊन देता येत नाही. मात्र तीन प्रश्न वर्गात ठेवता येतात. मारला गेलेला माणूस सशस्त्र होता काय? त्याच्या मृत्यूचा तपास स्वतंत्र यंत्रणेने केला काय? आणि तोच प्रसंग दुसऱ्या बाजूने घडला असता तर आपण हेच म्हटले असते काय? डॉ. रामनाथम लहान मुलांवर उपचार करीत होते आणि बालगोपाल गणित शिकवीत होते. दोघांनीही हातात शस्त्र घेतले नाही. तिसऱ्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देण्याची सवय ज्या वर्गात लागेल, तेथे अशा माणसांना समजून घेणारे नागरिक तयार होतील.